रेखानं थांबवून धरलेला बदल

सोलापूरच्या हॉस्पिटलातून आईचा फोन आला तेव्हा मी धाराशिवला शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. “रेखा गेली गं,” एवढंच ती म्हणाली. माझी धाकटी बहीण. रक्ताच्या कर्करोगानं तिला चाळिशीही गाठू दिली नाही.

ती नेमकं काय करायची, असं भेटायला येणारे अजून विचारतात. ‘कम्प्युटरचं काहीतरी,’ एवढंच आम्ही सांगत आलो. काम घरून करता येतं म्हटल्यावर पुणं सोडून ती गावी, ढोकीला आई-अण्णांकडं राहायला आली. जगभरातली माणसं मिळून बनवतात आणि सगळ्यांसाठी खुली ठेवतात, अशा एका ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळणाऱ्यांपैकी ती एक. या गाभ्यातली मेमरी वापरायची पद्धत मुळापासून बदलायची होती. पण तो फोनपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत नाना तऱ्हेच्या प्रोसेसरवर चालतो. प्रत्येकाचा सांभाळणारा वेगळा, देश वेगळा, स्वभाव वेगळा. त्या सगळ्यांकडून एकच बदल, कुणाचंही काही न मोडता, करवून घेणं हे तिचं काम.

साखर कारखान्याच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या अण्णांनी एकदा विचारलंच, “तू करतीस तरी काय गं?”

“अण्णा, छोटी लाईन मोठी झाली तवा रूळ, डबे, इंजिन सगळंच बदलावं लागलं न्हाय का? तसंच. फक्त हितं गाडी एक दिवसबी थांबवायची न्हाय.”

अण्णा बराच वेळ मान हलवत राहिले.

तिला राग लई यायचा. कुणी मेलवर उगाच खुसपट काढलं, की तडातडा उत्तर टाइप करायची, ते न पाठवता अंगणात जाऊन कढीपत्त्याची पानं ओरबाडायची आणि परत येऊन सगळं खोडून गोड शब्दांत लिहायची. “झाड बोडकं केलंस की!” म्हणून आई ओरडायची.

आजार कळला तेव्हा काम शेवटाला आलं होतं. अडलं होतं एका फार जुन्या प्रोसेसरपाशी. तो सांभाळणारा परदेशातला एक म्हातारा. नव्या बदलानं त्याचं मशीन सुरूच होईना. बाकीचे कंटाळले. तो प्रोसेसर वगळा आणि पुढं चला, म्हणू लागले. रेखानं सगळं थांबवून धरलं. हॉस्पिटलात, हाताला सलाईन असताना, उशीवर लॅपटॉप ठेवून ती चूक शोधत होती.

शेवटच्या भेटीत मी म्हणाले, “सोड आता. दुसरं कुणीतरी करील.”

“करतील गं ताई. पण मी गेल्यावर त्याला सोडून देतील.” गेल्यावर हा शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला. मग हळूच म्हणाली, “जन्मभर सांभाळलंय त्यानं ते. ‘तुझं आता नको,’ असं कुणी सांगायचं त्याला?”

चूक तिला सापडली. दुरुस्ती तिनं पाठवली. उत्तर यायच्या आत ती गेली.

ते उत्तर तिच्या लॅपटॉपवर मीच वाचलं. मशीन सुरू झालं होतं. बदल सगळ्यांसाठी स्वीकारला जाणार होता. म्हाताऱ्यानं तिचे आभार मानले होते आणि तब्येत विचारली होती... त्याला माहीतच नव्हतं. उत्तर मी लिहिलं. ती आता नाही, एवढं सांगण्यापुरतं इंग्रजी मला येतं.

तिच्या खोलीत भिंतीलगतच्या मांडणीवर वायरी जोडलेले, निरनिराळ्या प्रोसेसरचे उघडे बोर्ड आहेत. रोज सकाळी ते आपोआप सुरू होऊन नवा कर्नल तपासतात, अशी सोय तिनं करून ठेवलीय. परवा सकाळी मी ते बंद करायला गेले, तर अण्णा समोर खुर्ची टाकून बसलेले. सुरू होणाऱ्या एकेका बोर्डाचा हिरवा दिवा लागत होता.

“अण्णा, वायर काढू का?”

“थांब,” मांडणीवरची नजर न काढता ते म्हणाले. “त्या कोपऱ्यातलं अजून उठायचंय.”