आम्ही सगळं खातो

खोटं बोलायचंच असेल तर निदान मेलेल्या माशाबद्दल बोलावं, हा धडा मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मिळाला.

तसं आमचं डोंबिवलीतलं घर पहिल्यापासून शाकाहारी. (निदान माझी तशी समजूत होती. या कंसाकडे आपल्याला परत यायचं आहे.) चातुर्मासात कांदा-लसूण बंद, सोमवार-गुरुवार उपास आणि आठवड्यातून दोनदा दुधी भोपळ्याची भाजी. दुधीवर माझा विशेष जीव. त्याचं कौतुक तर थेट ह्यांच्या ऑफिसातून यायचं. "आज भोईरने तुझा दुधी खाल्ला. म्हणाला, वहिनींच्या हाताला चव आहे," असं हे डबा सिंकमध्ये ठेवता ठेवता सांगायचे. डबाही चाटूनपुसून रिकामा. सव्वीस वर्षं तो डबा रिकामा घरी आला. बायकोला आणखी काय लागतं?

मग आमच्या ओंकारने लग्न ठरवलं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, मयूरी. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. मला ती पहिल्या भेटीतच आवडली. सासूबाईंच्या कानातल्या मशीनची बॅटरी आम्हा तिघांना महिनाभर बदलता येत नव्हती, ती तिने चहा गार व्हायच्या आत बदलली. वर सासूबाईंना हळूच विचारलं, "आजी, आता सगळ्यांचं ऐकू येईल, चालेल ना?" अशी मुलगी हातची घालवायची नाही, हे मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं.

अडचण एकच होती, मयूरीची आई. हिराताई बाजारात मासळी विकायला बसत. नवरा लवकर गेला, त्यांनी त्या टोपलीवर दोन मुली वाढवल्या. ओंकारने मला बजावलं, "आई, त्या फक्त एकच गोष्ट विचारणारेत. मयूरीच्या मोठ्या बहिणीला सासरी मासे घरात शिजवू देत नाहीत. गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळी कढई. ताट घेऊन तिथेच बसते बिचारी. हिराताई म्हणतात, दुसरी मुलगी अशा घरात देणार नाही म्हणजे नाही. तू फक्त खरं ते सांग."

खरं ते सांग! खरं सांगितलं असतं तर लग्न तिथेच मोडलं असतं.

पुढच्या रविवारी आम्ही ठाण्याला निघालो आणि माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो. समोर एका खाणावळीचा फलक होता. पंचवीस मिनिटं वाचायला दुसरं काही नव्हतं, त्यामुळे तो मला पाठ झाला. बोंबील, कोळंबी, जवळा, खेकडे आणि सर्वांत शेवटी, निवट्या. पहिली चार नावं कुणालाही ठाऊक असतात. पण निवट्या! हे नाव घेणारी बाई खरी खाणारी दिसेल, असा मी विचार केला. शिवाय नावावरून तो पदार्थ मला अगदी शांत स्वभावाचा वाटला.

हिराताईंनी आमचं स्वागत फार प्रेमाने केलं. आमच्यासाठी मुद्दाम कांदेपोहे केले होते. मग गप्पा खाण्यावर आल्या.

"तुमाला गोड आवडतं का तिखट?" त्यांनी विचारलं.

"आम्हाला काहीही चालतं हो," मी म्हटलं.

"माझ्या पोरीला जवल नायतर बोंबील, काय ना काय लागतं. नायतर ती अर्धी पोली खाऊन उठते." त्या सरळ माझ्या डोळ्यांत बघत होत्या. "तुमच्यात चालतं?"

"चालतं म्हणजे काय! आम्ही सगळं खातो," मी म्हटलं. "आमच्या घरात कुणाला लपूनछपून खावं लागत नाही."

ह्यांना ठसका लागला. ओंकार पंख्याकडे बघायला लागला. मला वाटलं, माझ्या खोटं बोलण्याने दोघं हबकले. (तसं नव्हतं. पण थांबा.)

"आनि सगल्यात जास्त आवडतं काय?" हिराताई.

"निवट्या," मी म्हटलं. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण माझी जीभ सुटली होती. "अहो, निवट्या म्हणजे माझा जीव की प्राण. पण आमच्या डोंबिवलीत चांगल्या मिळत नाहीत ना."

हिराताईंचा चेहरा उजळला. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "पोर माझी सुखात पडली."

त्या दिवशी परतताना गाडीत मी एकटीच खुशीत होते. निवट्या म्हणजे काय हे मोबाइलवर बघावं असंही मला सुचलं नाही. परीक्षा पास झाल्यावर पुस्तक कोण उघडतं?

आठ दिवसांनी, पुन्हा रविवारी, बेल वाजली. दारात मयूरी आणि हिराताई. हिराताईंच्या हातात झाकणाला भोकं पाडलेली मोठी बादली.

"विहीनबाय, सकाली सकाली खाडीतून आनल्या. एकदम ताज्या. चालतायत बगा अजून."

"काय चालतंय?" मी विचारलं.

"निवट्या," त्या म्हणाल्या आणि बादली माझ्या हातात देऊन हॉलमध्ये ऐसपैस बसल्या. "मी काय मधी येत नाय. तुमच्या पद्धतीनं करा. मना तुमच्या हातचं खायाचं हाय."

बादली हातात हलत होती. आतून कुणीतरी झाकण ठोठावत होतं.

मी स्वयंपाकघराचं दार लावलं. कोपऱ्यात देवघरासमोर सासूबाई जप करत होत्या. वय ब्याऐंशी, हातात माळ, डोळे मिटलेले. त्यांना काही कळायच्या आत बादलीचं काहीतरी करायचं होतं. काय करायचं ते सुचेना, म्हणून मी जरासं झाकण उचलून आत पाहिलं.

आतूनही माझ्याकडे पाहिलं गेलं. डोक्याच्या वर बसवलेले दोन डोळे. अंग मातकट, बुळबुळीत, वीतभर लांब. मासा म्हणावा तर पाण्याबाहेर निवांत श्वास घेतोय, बेडूक म्हणावा तर शेपटी. आम्ही दोघं एकमेकांकडे क्षणभर पाहत राहिलो आणि मग त्याने उडी मारली.

माझ्या हातून झाकण पडलं, मागोमाग बादली. पंधरा-वीस निवट्या माझ्या स्वयंपाकघरात मोकळ्या झाल्या. मासे जमिनीवर आले की तडफडतात असं मी शाळेत शिकले होते. हे चालायला लागले! एक फ्रिजखाली गेला. एक पोळपाटाला टेकून उभा राहिला. दोघे मिक्सरच्या मागे गेले आणि बाहेर येईनात. एकाने पोह्यांच्या उघड्या डब्यात उडी घेतली. आणि एक, सगळ्यांत धीट, टणाटण उड्या मारत देवघराच्या पायरीवर चढला आणि ताम्हनात बाळकृष्णाशेजारी जाऊन बसला.

मी स्टुलावर चढले. ओरडायची सोय नव्हती, कारण जिचा जीव की प्राण निवट्या, ती निवट्या बघून ओरडेल कशी? मी तोंडात पदर कोंबला आणि मिस्ड कॉल देऊन ह्यांना हॉलमधून आत बोलावलं.

हे आले. दार लावून घेतलं. जमिनीकडे पाहिलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि वाकून एक निवटी उचलली, अलगद, मानेमागे धरून.

"अगं, शेपटीकडून धरलं की निसटतात," हे म्हणाले.

मी तोंडातला पदर काढला. "तुम्हाला काय माहीत?"

हातातली निवटी माझ्याकडे बघतेय, हे जमिनीकडे.

"भोईर मानपाड्याचा ना," शेवटी हे म्हणाले. "त्याच्या डब्यात असायच्या."

"आणि तुम्ही त्याच्या डब्यातलं खात होतात?"

"हो."

"मग माझा डबा?"

"तो भोईर खायचा," हे म्हणाले. "त्याला तुझा दुधी फार आवडतो, खरंच."

सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं मी पहाटे उठून मानपाड्याच्या भोईरांचा डबा भरत होते.

मला रडू येणार एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. सासूबाईंनी डोळे उघडले नव्हते, माळ चालू होती.

"राख लावा हाताला. राख नसली तर तांदळाचं पीठ. बुळबुळीत असतात मेल्या."

"आई!" मी आणि हे एकदम म्हणालो. (ह्यांनाही माहीत नव्हतं, एवढंच माझं समाधान.)

सासूबाईंनी शांतपणे ताम्हनातली निवटी उचलली आणि बादलीत टाकली. त्यांचं माहेर रेवदंड्याकडचं. लग्नाआधी सगळं खायच्या, त्यांनीच सांगितलं. नंतर सासरी बंद झालं, आणि आता मुलीकडे, कल्याणला गेल्या की होतं. वर्षातून दोनदा त्या आठ दिवस माझ्या नणंदेकडे जायच्या आणि टवटवीत होऊन यायच्या. "कल्याणची हवा मानवते गं," म्हणायच्या. कल्याणची हवा आजवर कुणालाही मानवलेली नाही. संशय मला तिथेच यायला हवा होता.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुला कोण सांगणार बाई?" सासूबाई म्हणाल्या. "तू अंड्याचं नाव काढलं तरी फरशी पुसतेस."

तेवढ्यात दार उघडलं. आधी ओंकार. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि पुटपुटला, "मी तर कॉलेजपासून खातो." त्याचं कुणाला आश्चर्यही वाटलं नाही, इतकं आमचं घर पुढे गेलं होतं. त्याच्या मागे मयूरी. आणि मयूरीच्या मागे हिराताई.

मी स्टुलावर, हातात पदर. ह्यांच्या दोन्ही हातांत निवट्या. पोह्यांचा डबा आपोआप हलतोय.

हिराताईंनी आधी डब्याकडे पाहिलं, नंतर स्टुलाकडे. मग म्हणाल्या, "विहीनबाय, तुमी निवट्या कवा खाल्ल्या?"

आता आणखी खोटं बोलायला माझ्याकडे शिल्लक काही नव्हतं. "खाल्ल्या नाहीत," मी स्टुलावरूनच म्हटलं. "माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये वाचल्या होत्या."

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. खाली बसून त्यांनी फ्रिजखालच्या निवट्या एकेक करून बाहेर काढल्या, बादलीत टाकल्या, झाकण घट्ट बसवलं.

"माझ्या थोरलीच्या सासूनं पन असंच सांगितलेलं," त्या म्हणाल्या. "सगलं चालतं म्हनून. मयूरी, चपला घाल."

मयूरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ओंकार माझ्याकडे बघत होता, आणि त्या बघण्याने मला जे झालं ते निवट्यांनीही झालं नव्हतं. माझ्या मोठेपणापायी मुलाचा संसार दारातून परत चालला होता. शिवाय मला स्वतःची लाज वाटत होती. लपूनछपून खावं लागत नाही, असं मी छाती पुढे काढून सांगितलं, आणि माझ्याच घरात तीन माणसं माझ्या भीतीने लपून खात होती. एक मानपाड्याच्या डब्यातून, एक कॉलेजच्या नावाखाली आणि एक थेट कल्याणला जाऊन!

मी स्टुलावरून उतरले. "हिराताई, मी खोटं बोलले, कारण मला मयूरी हवी होती," मी म्हटलं. "मी मासे खाणार नाही, मला जमणारही नाही. पण ती याच ओट्यावर शिजवेल, याच कढईत. मी शब्द देते."

"आनि वास आला तर?"

"तर मी उठेन."

"उठून जाल कुठं?"

"गॅलरीत!" मी म्हटलं. "माझं ताट घेऊन मी गॅलरीत बसेन, पण तिला बसवणार नाही."

हिराताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे, ज्या एव्हाना तांदळाचं पीठ काढून बसल्या होत्या. आणि मग त्या जमिनीवर बसूनच हसायला लागल्या, डोळ्यांना पदर लावून. "चपला काढ गो," त्या मयूरीला म्हणाल्या. त्या दिवशी निवट्यांचं कालवण त्यांनीच केलं. आमच्याकडे पाच जण पोटभर जेवले, त्यातले तीन माझ्या घरचे होते.

लग्नाला आता दोन वर्षं झाली. मी शब्द पाळला आहे. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी घर कालवणाच्या वासाने भरतं आणि मी माझं ताट घेऊन गॅलरीत जाते. माझ्यासाठी तिथे वेगळी शेगडी आहे, वेगळी कढई आहे. मयूरी फार गुणी, दर वेळी येऊन विचारते, "आई, तुम्हाला इथे काही कमी नाही ना?"

पहिले काही महिने मी एकटीच बसायचे. मग हे निवृत्त झाले, भोईरही झाले आणि रविवारी आमच्याकडे यायला लागले. आतल्या पंगतीत न बसता ते खुर्ची ओढून गॅलरीत माझ्यासोबत बसतात. "घरी रोजच मासली असते वैनी. मी आपला तुमचा दुधीच खातो," म्हणतात. मला भरून येतं. घरात नाही तर नाही, निदान मानपाड्यात एका माणसाला माझा दुधी आवडतो.

गेल्या रविवारी भोईरांनी एक घास घेतला, पाणी प्यायले, आतल्या कालवणाच्या पातेल्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वैनी, इतकी वर्सं झाली. एक खरं सांगू का?"

मी त्यांच्या ताटात आणखी दुधी वाढला आणि म्हटलं, "नको."