जर्मनची ऐरण

आमच्या घरी सांडस बाबांच्या हातात आणि घण मायच्या. बाबा तापलेलं लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर ठेवतात, छोट्या हातोडीनं जागा दाखवतात आणि माय उभी राहून नेमका तिथंच घण घालते. भात्याच्या जागी विजेचा पंखा आला, पण घण काही मायच्या हातून सुटला नाही. सुटलो तो मी. शाळेत क्लर्क झालो, आंजी गाव सोडून वर्ध्याला राहायला गेलो. आता मला लोखंडातलं ओ की ठो कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मायचा उजवा खांदा वरच जाईना. डॉक्टर म्हणाले, घण बंद. बाबा म्हणाले, "जोर लावत नाई ना तुही माय, म्हून दुखते." हे मी लहानपणापासून ऐकतोय. जोर लाव, जोर लाव! असा संताप आला मला. पण मायच म्हणाली, "खरं हाये बाप्पा, माह्याच अंगात जोर नाई." पेरणी तोंडावर होती, वखराच्या पासा, म्हणजे त्याची लोखंडी पाती, पाजवायला माणसं दारात उभी होती, आणि घण सोडायला ती काही तयार होईना.

आमची ऐरण म्हणजे एक चौकोनी ठोकळा. मधून खड्डा पडलेला, एका अंगाला तडकलेला. मला वाटलं, खांदा तर नवा भेटत नाही, ऐरण तरी भेटेल. ऐरणीचा खांद्याशी काही संबंध असतो का, देव जाणे. आपलं काहीतरी करायचं म्हणून निघालो.

हिंगणघाटच्या एका कबाड्याकडं एक ऐरण होती, कुठल्याशा बंद पडलेल्या जिनिंगच्या वर्कशॉपमधली. एका टोकाला गोल शिंग, दुसऱ्या टोकाला चौकोनी. "जुनी जर्मन ऐरन हाये, भाऊ," तो म्हणाला. मी हौसेनं बाबांना फोन लावला.

"जर्मनची?" बाबा ओरडलेच. "येडा झाला का बे? जर्मनची त गंजी असते! एक घण पडला का पोळी होईन तिची!"

आता आमच्याकडं जर्मन म्हणजे अल्युमिनियम आणि गंजी म्हणजे पातेलं. मी स्वतः जन्मभर जर्मनच्या गंजीतला भात खाल्लेला. माझंही डोकं फिरलं. हळूच विचारलं, "ही अल्युमिनियमची तर नाही ना?"

कबाड्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तुमी लोहाराचेच ना, भाऊ?" त्यानं खिशातलं लोहचुंबक लावलं, ते टपकन चिकटलं. "जर्मनी देशाचं नाव हाये."

"म्हणजे तिथं बनली?"

"ते मले नाई माईत. पद्धत जर्मन."

घ्या! बनली कुठं ते माहीत नाही, आणि पद्धत जर्मन. मग त्यानं बेअरिंगचा एक छर्रा वरून ऐरणीवर सोडला. छर्रा टणकन उसळून जवळजवळ त्याच्या हातापर्यंत आला. "पाहा!" तो खूश. घण असाच उसळून मायच्या तोंडावर आला तर? पुन्हा फोन लावला. "बाबा, छर्रा लय उडून राह्यला. हे चांगलं का वाईट?"

"काऊन पुसतं मले? जर्मनची हाये म्हणलं ना!" फोन बंद.

मला काही सुधरेना. विकणारा चांगलीच म्हणणार, बाबा ऐकून घेणार नाहीत, आणि मला कळत नाही. तरी घेतली. छोटा हत्ती टेम्पोत ती लादली आणि आंजी येईपर्यंत स्वतःला शिव्या दिल्या.

चौघांनी धरून ती बाभळीच्या ओंडक्यावर बसवली. जुनी भिंतीशी सरकवली. बाबा नवीभोवती दोनदा फिरले. शिंग कोणीकडं करावं, हे त्यांनाही कळेना. हातोडीनं त्यांनी तिला टिचकी दिल्यासारखं ठोकलं. देवळातल्या घंटेसारखी वाजली. बाबांनी पुन्हा ठोकून पाहिलं. मग पास तापवली, ऐरणीवर धरली, जागा दाखवली.

मायनं दात आवळून घण उचलला आणि सोडला. घण आपोआप वर आला. ती दचकून मागं सरली.

"काय झालं वं?" बाबा म्हणाले.

तिनं पुन्हा घातला. पुन्हा. मग भिंतीशी गेली आणि जुन्या ऐरणीवर एक घण घातला. धप्प. घण तिथंच पडून राहिला. खांदा धरून ती उभी राहिली, एकदा जुन्या ऐरणीकडं पाहिलं, एकदा नव्या.

"नवी घण वापस देते," ती म्हणाली. मग बाबांकडं पाहून, "इतके वर्सं मले वाटे, मीच कमी पडून राह्यली."

पास केव्हाच निवून काळी पडली होती. बाबांनी सांडस खाली ठेवली, उठले, मायच्या हातातून घण घेतला. मला समजतं तेव्हापासून त्यांच्या हातात घण मी पहिल्यांदाच पाहत होतो. जुन्या ऐरणीवर त्यांनी तो अंगातला सगळा जोर लावून घातला. त्यांचाही घण धप्पकन तिथंच पडून राहिला.

दुसऱ्यांदा त्यांनी उचलला नाही.