बसून निवडलेली गाडी

माझ्या दुकानात कोपऱ्याला एक पोतं आहे. सीट शिवताना रेक्झिनचे उरलेले तुकडे त्यात टाकते. आठवडाभर लक्ष दिलं नाही की ते तोंडापर्यंत भरतं. किस्स्यांचंही तसंच झालंय. शेजारी नवऱ्याचं गॅरेज, इकडे माझं सीटचं दुकान, मधे एक बाकडं. त्या बाकड्यावर बसणारा प्रत्येक जण काहीतरी टाकून जातो! पण गेल्या वर्षभरात जे साठलं ते सगळं एकाच माणसाचं. माझ्या नणंदेचं.

मी शिकले चौथी. पण वीस वर्षं मोटारसायकलच्या सीट उसवून परत शिवतेय, त्यामुळे माणूस कसा बसतो ते मला कळतं. फोम डावीकडे दबलेला असला की मी सांगते, "उजव्या खिशात पाकीट ठेवून चालवतोस, म्हणून वाकडा बसतोस." लोकांना वाटतं मी ज्योतिष बघते! अहो, ज्योतिष कसलं? तुमचं बूड खोटं बोलत नाही, एवढंच!

तर ऐका.

*

सुलूवन्स माझ्या नवऱ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. सगळी नोकरी नर्स म्हणून. लशीची पेटी मागे बांधून, छोट्या मोटारसायकलवरून वाडी-वाडी फिरली. लाल मातीचे खड्डे खाऊन खाऊन पाठ गेली. रिटायर झाली तेव्हा कमरेला पट्टा होता.

श्रावणात एक दिवस ती गॅरेजात आली. नवरा इंजिन खोलून बसलेला. ती त्याला म्हणाली, "बाबल, माका मोटारसायकल होयी. लांब जावची."

"लांब म्हणजे खंय?"

"समुद्राच्या कडेकडेन. कन्याकुमारीपर्यंत."

नवऱ्याच्या हातातला पाना तसाच राहिला. "बाय, तुझ्या मणक्यात गॅप आसा!"

"म्हणान तर आरामाची होयी! मणको बरो असतो तर तुझो हो खटारो पण चाललो असतो!"

मग जे भांडण झालं ते पलीकडच्या सलूनवाल्यानेही वस्तरा थांबवून ऐकलं. शेवटी नवरा म्हणाला, "घेतलंस तर माझ्या गॅरेजात हाडू नको. मी हात लावूचंय नाय. आणि तुझ्याशी उलवूचंय पण नाय!"

वन्स म्हणाली, "नको उलव." बहीण-भावाचं बोलणं बंद! ती तिथून उठून सरळ माझ्या दुकानात आली. "वैनी, मेकॅनिक रुसलो. आता तूच."

मी म्हटलं, "वन्स, माका इंजिनातला काय कळणा नाय."

"इंजिनार कोण बसता? मी सीटर बसतलंय!"

मी हातातली कात्री खाली ठेवली.

*

पहिलं शोरूम कुडाळचं. आत गेलो तर टाय लावलेला पोरगा धावत आला. "मॅडम, सर येतायत का मागून?"

"कुठले सर?" वन्सने विचारलं. सरकारी नोकरीतली बाई, ऑफिसात शिरली की मराठी एकदम इस्त्रीची! "गाडी माझ्यासाठी पाहिजे. लांब जायला. बसून बघते."

"बसा ना मॅडम, दोन मिनिटं बसून बघा."

"दोन मिनिटं थर्मामीटरला लागतात. पाठीला दीड तास लागतो."

आणि बसली! शोरूमच्या मधोमध, चकचकीत क्रूझर मोटारसायकलवर, हात हँडलला, पाय फूटरेस्टवर, नजर समोरच्या भिंतीवर. मनगटावरचं घड्याळ उलटं फिरवून ठेवलेलं. मांडीवर छोटी वही. गिऱ्हाईकं आली, गेली. पोरांनी आळीपाळीने डबे खाल्ले. मॅनेजर दोनदा बाहेर येऊन बघून आत गेला. मी खुर्चीवर बसूनसुद्धा चारदा कूस बदलली, ती हलली नाही.

पन्नास मिनिटांनी उतरली. वही माझ्या हातात दिली. पेशंटचा तक्ता लिहावा तसं लिहिलेलं: 'वीस मिनिटे, निल. पस्तीस मिनिटे, डाव्या मांडीला मुंग्या. पन्नास मिनिटे, कंबर.'

"ही नको," ती म्हणाली.

पोरगा कळवळून म्हणाला, "मॅडम, पण हिची सीट सगळ्यात मऊ आहे!"

आता मला राहवेना. मी म्हटलं, "बाबा, मऊ आहे तेच तर दुखणं! तुम्ही आंबा दाबून बघता तशी बोटाने सीट दाबता. मऊ सीट पहिल्या दहा मिनिटांची. मग फोम चेपतो आणि माणूस पत्र्यावर बसतो."

तो पोरगा खाली वाकून सीट दाबून बघत राहिला. आम्ही बाहेर पडलो.

*

आम्ही शोरूम फिरतोय हे नवऱ्याला कुठून तरी कळलं. तो तोंडाने बोलायचा नाही, पण स्वस्थ थोडाच बसणार? गेला गावच्या देवळात कौल लावायला. नवीन विहीर असो, लग्न असो, आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मी सोबत होते, म्हणून सांगते. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्येच्या बहिणीन मोटारसायकल घेवची काय, ता सांग!"

उजवी पडली.

नवरा म्हणाला, "प्रश्न बरोबर नाय इचारलो. कन्याकुमारीचा सांगा."

परत गाऱ्हाणं. परत उजवी.

"मणक्याचा सांगाक नाय देवाक! मणक्यात गॅप आसा ता सांगा!"

तिसऱ्यांदा उजवी. टपकन! मी हात जोडले. नवरा अजून पुढे सरकतोय बघून गुरवाने पाकळ्यांचं तबक उचललं. "बाबल, घराक जा. देवाक दुसरी पण कामा आसत!"

*

इनास गुरुजी हे आमच्या बाकड्यावरचे जुने मेंबर. शाळेतून रिटायर झालेले, स्वतः मोटारसायकलवाले. त्यांच्या भाच्याकडे गोव्यात एक मोठी क्रूझर होती. पाय पार पुढे लांब सोडायचे, हात वर, मागे रेलून बसायचं. गुरुजींनी ती दोन दिवसांसाठी मागून आणली. "सुलूबाय, ही बघ. चालती आरामखुर्ची! डोळे मिटून घे."

दिसायला खरंच आरामखुर्ची! वन्स पुढे, मी मागे, गुरुजी आपल्या गाडीवर पाठोपाठ. कुणकेश्वरला जाऊन यायचं ठरलं. आचऱ्यापर्यंत वन्स गाणं गुणगुणत होती. आचऱ्याच्या पुढे गाणं थांबलं. देवगड तालुका लागला तसा तिचा श्वास मला मागे ऐकू यायला लागला. मी विचारलं, "वन्स, थांबूया?" ती म्हणाली, "नाय. पुरा बघूया."

कुणकेश्वरला गाडी उभी केली आणि ती उतरेचना! समोर समुद्र, मागे देऊळ, मधे ही बाई गाडीवर पुतळ्यासारखी. "वैनी, माका उतरय."

आम्ही दोघांनी धरून उतरवली. वाळूत आडवी झाली. आभाळाकडे बघत म्हणाली, "गुरुजी, पाय पुढे सोडले की सगळा भार माकडहाडार. खड्डो इलो तर पाय टेकून वायच उठाक गावणा नाय. प्रत्येक खड्डो सरळ मानेपर्यंत!"

गुरुजी ओशाळले. "माका बरी वाटता ती."

"तुमका वाटतली. तुमी माडाखाली लावून बसतास. आरामखुर्ची अंगणात बरी, गुरुजी!"

पण मी सांगते, त्या वाळूत झोपल्या-झोपल्या तिने वही मागितली आणि लिहून घेतलं. दुखणं अंगात असताना! मी असते तर गाडीला लाथ घातली असती.

*

अशा पाच गाड्या झाल्या. शोरूम कुठलंही असो, दीड तासाची बैठक ठरलेली; दुखलं तरच आधी उतरायची. कणकवलीत तर तिला चहा-बिस्किटं यायला लागली. सहाव्या गाडीवर बसली तेव्हा दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले. फूटरेस्ट मधे, गुडघ्याच्या खाली. हँडल आपणहून हातात आलेलं, पुढे झुकायला नको की मागे रेलायला नको. खुर्चीत बसून भाजी निवडावी तशी बसली.

दीड तासाने वहीत लिहिलं होतं: 'निल. निल. निल. निल.'

तिथला माणूस काळजीने म्हणाला, "मॅडम, गाडी जड आहे हं."

"जड आहे, पण वजन खाली आहे. बाळंतिणीला उचलताना पण तसंच बघतात." आणि स्टँडवरून गाडी सरळ करून दाखवली! तो माणूस मला हळूच विचारतो, "काकी, या कोण आहेत?" मी म्हटलं, "आमच्या वन्स आसत."

*

तीच गाडी घेतली. गाडी बरोबर, तरी सीट कंपनीची. ती माझ्याकडे आली. लांबच्या प्रवासाची सीट करायची तर माझी एक रीत आहे. अर्ध्या भरलेल्या भाताच्या गोणीवर माणसाला अर्धा तास बसवते. उठला की ठसा राहतो, हाडं कुठे टेकतात ते दिसतं. त्या मापाने कडक फोम कापते, वर पातळ मऊ थर.

वन्सला बसवलं, माप घेतलं, दोन दिवस राबून सीट केली. ती चालवून आली ती तणतणत! "वैनी, मधेच काय तरी टोचता!"

सीट उसवली. बघते तर मधे एक खळगा आणि बाजूला उंचवटा. मी डोक्याला हात लावला. अहो, माप घेताना ती साडीत होती! निऱ्या, परकराच्या चुण्या, सगळ्याचा ठसा भातात उठलेला, आणि मी शहाणीने तो इमानदारीने फोममध्ये कापलेला! गाडी चालवायची पँट घालून!

वन्स इतकी हसली की पट्टा सोडावा लागला. "वैनी, बाबलाक सांगू नको. तो ह्याचो पण कौल लावीत!"

दुसरी सीट पँटवर माप घेऊन केली. ती बरोब्बर बसली.

*

दिवाळी झाली आणि ती निघाली. सकाळी गॅरेजसमोर गाडी थांबवली. नवऱ्याने पाठ केली आणि एका मडगार्डवर हातोडा मारत बसला. त्या मडगार्डला काहीच झालेलं नव्हतं. इनास गुरुजींनी नारळ फोडला. ती गेली. हातोडा नंतर बराच वेळ चालू होता.

रोज संध्याकाळी मला फोन यायचा. नवरा तेव्हा नेमका माझ्या दुकानात सुई-दोरा शोधायला यायचा. सुई-दोरा! मेकॅनिकला!

दर दीड तासाला गाडी थांबवायची, बाजूला चटई टाकायची आणि दहा मिनिटं सरळ उताणं पडायचं, असा तिचा नियम. कारवारच्या पुढे अशीच पडलेली, डोळे मिटून, बाजूला उभी गाडी. लोकांना वाटलं अपघात! गर्दी जमली. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. वन्सने एक डोळा उघडून घड्याळ बघितलं आणि ओरडली, "गप ऱ्हवा रे! अजून चार मिनिटा आसत!"

ड्रायव्हर अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन आला तेव्हा ही चटई गुंडाळत होती. मग त्याचीच कंबर दुखते म्हणून त्याला दोन व्यायाम शिकवून पुढे गेली!

*

अकराव्या दिवशी फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज. मी विचारलं, "वन्स, पोचलंस?"

ती म्हणाली, "वैनी, समुद्र हंय संपणा नाय गो. वळता."

मी समुद्राकाठी जन्मले, समुद्राकाठी दिली, रोज त्याचे मासे खाते. तो कुठे वळतो असं कधी मनात आलं नव्हतं. फोन ठेवल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो हातातलं रीळ उलगडत आणि गुंडाळत बसला.

*

ती परत आली तेव्हा दुपार होती. सरळ गॅरेजसमोर येऊन थांबली. काळी पडलेली, ओठ फुटलेले, पाठ ताठ. गाडी चिखलाने आणि किड्यांनी माखलेली. मी धावले, गुरुजी बाकड्यावरून उठले. नवरा आतून आला. तिच्याकडे बघितलंच नाही. गाडीभोवती दोनदा फिरला. टायरवरून हात फिरवला. इंजिनाजवळ कान नेला. चेन बोटाने उचलून बघितली.

"चेन ढिली झाली आसा," तो म्हणाला.

चार महिन्यांनी तोंड उघडलं ते चेनसाठी!

वन्स म्हणाली, "मगे घट कर."

त्याने गाडी आत घेतली. जिला हात लावायचा नव्हता, तीच! चेन ताणली, ऑइल बदललं, ब्रेक बघितले. काम झालं की तो गाडी चालवून बघितल्याशिवाय देत नाही, ही त्याची जुनी सवय. बाहेर काढून वर बसला. हलला. पुढे सरकला, मागे सरकला. ती सीट मी वन्सच्या हाडाच्या मापाची कापलेली, त्याला कशी बसणार?

"ही माका बसणा नाय," तो म्हणाला.

वन्स म्हणाली, "मगे मागे बस."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. माझा नवरा लग्नापासून आजपर्यंत कोणाच्या मागे गाडीवर बसलेला नाही. स्वतःच्या बापाच्यासुद्धा नाही. तो उतरला, फडक्याला हात पुसले. परत पुसले. मग तिच्या खांद्याला धरून मागे बसला.

गाडी मालवणच्या दिशेने गेली. चेन बघायला लागतात पाच मिनिटं. अर्धा तास झाला, तास झाला. गुरुजींनी तीन चहा घेतले. दोन तासांनी आवाज आला.

वन्स हेल्मेट काढून केस सारखे करत बसली. नवरा उतरला, कंबरेवर हात ठेवून वाकडा होत माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या चपलांना ओली वाळू होती.

"गो," तो म्हणाला, "मागची सीट वायच रुंद कर."