अर्धा ओटा

आमच्या स्वयंपाकघरात अर्धाच ओटा आहे. नवीन माणूस घरी आलं की पाणी प्यायच्या निमित्ताने आत डोकावतं आणि विचारतं, काम अर्धवट राहिलंय का? नाही राहिलं. पुरं झालंय. सहा फुटांचा काळ्या ग्रॅनाइटचा ओटा होता, त्यातला खिडकीकडचा अडीच फुटांचा तुकडा मी कापून घेतला आणि तोच खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवला. वरच्या भागात सिंक, गॅस आणि मी. खालच्या भागात माझी आई. रोह्याजवळच्या वरशातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये असलं स्वयंपाकघर दुसरं नाही. हसणारे हसून घेतात, मी त्यांना चहा देते.

आई आली होती डोळ्याच्या ऑपरेशनला. आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. तिचं निम्मं आयुष्य मिठागरात गेलं आणि उरलेलं भातशेतीत. मीठ ओढता ओढता आणि लावणी करता करता ती कमरेत वाकली ती वाकलीच. वडील गेल्यावर ती भावाकडे, म्हणजे खरं तर स्वतःच्याच घरात, राहत होती. मोतीबिंदू रोह्यात काढायचं ठरलं, कारण दवाखाना माझ्या घरापासून जवळ आणि मी शाळेच्या ऑफिसात कारकून, त्यामुळे अर्ध्या दिवसाची रजा सहज मिळते. महिनाभर राहील, असं भाऊ सोडायला आला तेव्हा म्हणाला. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, महिनाभर कशाला, कायमचीच राहू दे. त्यात दया नव्हती आणि कर्तव्यही नव्हतं. मला ती हवी होती. मुलगा आईला ठेवतो तेव्हा त्याला कोणी कारण विचारत नाही, मग मीही देणार नाही.

येताना तिने स्वतःचं धान्य आणलं होतं. एका पिशवीत खाडीकाठच्या खारजमिनीतला जाडा तांदूळ, दुसरीत भाकरीचं पीठ आणि एका डब्यात सुकट. लेकीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमच्याकडची रीत, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी तिने सांगितलं, "माज्यासाठी ह्यातलाच भात टाक गो. तुमचा तुम्ही जेवा." मग आमच्या चार माणसांच्या घरात दोन कुकर लागायला लागले. मी, नवरा आणि लेक एका कुकरातले, आई दुसऱ्यातली. मला वाटलं, पथ्यापाण्याची सवय असेल, चार दिवसांनी मोडेल.

मोडली नाही. उलट माझ्या लक्षात आलं की ती रोज सकाळी तांदळाच्या पिशवीत हात घालून बघते. पिशवीचा तळ लागला की ही उठणार आणि एसटी पकडणार. तोंडाने बोलत नव्हती, पण त्या पिशवीने तिचं इथलं राहणं मोजायला घेतलं होतं. मग मी एक शहाणपणा केला. ती आंघोळीला गेली की आमच्या डब्यातला वाटीभर तांदूळ तिच्या पिशवीत ओतायचा. आठवडाभर हे चाललं. मी खूश, पिशवी आटतच नाही.

एका सकाळी तिने मूठभर तांदूळ माझ्यापुढे धरला. ऑपरेशनच्या डोळ्यावर अजून काळा चष्मा होता. तिला तांदूळ दिसला नव्हता, हाताला लागला होता.

"ह्यात दुकानातला कोणी टाकला?"

मी म्हटलं, "मीच. पोट भरल्याशी कारण."

"डोळा गेलाय माजा, हात नाय गेला," ती म्हणाली. "शेतातला दाणा मला बोटाला कळतो. आनी एक सांग. मला रोज पयलं ताट वाढतेस ना तू?"

वाढत होते. पाट मांडून, ताटाजवळ पाणी ठेवून, नवऱ्याच्याही आधी. मला वाटत होतं मी तिचा मान ठेवते.

"पयलं ताट पावण्यांना," ती म्हणाली. "घरची बाई मागून जेवते. एक दिवस पावना, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली. महिना झाला मला इथं. रोज ताट आलं की वाटतं, ही विचारते, कवा जानार?"

मला रडू आलं आणि रागही आला. राग तिचा नाही, माझा. शिकलेली, कमावती मुलगी मी, आणि महिनाभर स्वतःच्या आईला रोज दोनदा दाराकडे बोट दाखवत होते. मी म्हटलं, ठीक आहे, उद्यापासून आपण दोघी मागून जेवू, पण तू राहायचंस. ती म्हणाली, बसून खाणार नाय. काम दे, मग बघू.

काम द्यायला कुठे ना होती? पण आमचं स्वयंपाकघर म्हणजे आठ फूट लांब आणि जेमतेम साडेचार फूट रुंद. एका बाजूला ओटा, समोर फ्रीज आणि कपाट. ओट्यापाशी उभी राहिली तर आईच्या हनुवटीला ग्रॅनाइट लागायचा. आयुष्यभर तिने सगळं जमिनीवर बसून, एक पाय लांब करून केलेलं. तशी ती बसली की फ्रीज उघडायचा नाही आणि सिंककडे जायचं तर तिचा पाय ओलांडायला लागायचा. मोठ्या माणसाला ओलांडायचं नाही, हे आम्हाला लहानपणीच कानाला धरून शिकवलेलं. नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून यायचा आणि पाण्यासाठी दारातच ताटकळत उभा राहायचा. तो काही बोलायचा नाही, पण त्याचं ते मुकाट उभं राहणंच आईला बोलायचं.

एक दिवस मी शाळेतून आले तर आई स्वयंपाकघरात नव्हती. बाथरूमच्या बाहेर वॉशिंग मशीनशेजारी जी हातभर जागा आहे तिथे परात घेऊन बसली होती आणि भाकऱ्या थापत होती. पायपुसण्यावर. म्हणाली, "हितं कोनाला अडचन नाय होत."

तिथेच माझं टाळकं सरकलं. अडीच खोल्यांच्या घरात बुटांना जागा आहे, इस्त्रीच्या कपड्यांना जागा आहे, वर्षातून एकदा लागणाऱ्या मोदकपात्राला जागा आहे, आणि जिने मला भाकरीची चव लावली ती बाथरूमच्या दारात? मी परात उचलली, तिला हात देऊन उठवलं आणि त्याच संध्याकाळी गवंड्याला फोन केला.

गवंडी आला, ओट्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, चांगला माल आहे. कशाला तोडताय? माऊलींना उंच स्टूल घेऊन द्या." घेऊन दिलं होतं. वाकलेल्या कमरेला उंच स्टुलावर बसवून बघा एकदा, मग कळेल. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी म्हणाल्या, "विकायच्या वेळी गिऱ्हाईक नाक मुरडेल हो." मी म्हटलं, "वहिनी, आम्ही राहायला घेतलाय." नवऱ्याने मात्र शांतपणे विचारलं, "आणि ओट्याखालचं सामान?" प्रश्न बरोबर होता. माणूस बोलतो कमी, पण बोलतो तेव्हा नेमका.

कापायचा भाग म्हणजे खाली तांदळाचा डबा, कांदे-बटाटे, कुकर, परात, मिक्सर, रिकाम्या बरण्या आणि देवाला ठाऊक काय काय. दोन रविवार आम्ही तिघं ते उपसत होतो. तांदूळ पलंगाखालच्या खणात गेला. कांद्यांची टोपली खिडकीच्या जाळीला टांगली. मोदकपात्र माळ्यावर. मिक्सर टीव्हीच्या कपाटात बसला, टीव्हीच्या वरची फुलदाणी समोरच्या वहिनींना देऊन टाकली. सतरा रिकाम्या बरण्या निघाल्या. कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या, कधीच न लागलेल्या. त्या भंगारात दिल्या. घर लहान असतं असं आपण म्हणतो, पण निम्मं घर आपण कधीतरीला देऊन टाकलेलं असतं.

मग मशीन लागलं. दोन दिवस घरभर दगडाची पूड. आई दिवाणावर बसून बघत होती आणि मला शिव्या घालत होती. "येडी हायस तू. म्हातारीपायी कोनी घर फोडतं? लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही, ओट्याला लावता येतो. कापलेला तुकडा गवंड्याने दोन विटांच्या उंचीवर बसवला, मागे भिंत, बाजूला खिडकी. ओटा जिथे होता त्याच जागेत, त्या तुकड्यावरच आता आई बसणार, म्हणजे वाट मोकळी आणि कोणाला ओलांडायला नको. सिलिंडरपेक्षा शेगडी खाली ठेवायची नाही असा नियम, म्हणून तिच्यासाठी विजेची शेगडी आणली. शेगडीवर आईचाच सपाट लोखंडी तवा ठेवला.

आई बसली. पाय लांब केला. शेगडीकडे बघून म्हणाली, "जाळ कुठं हाय?"

"आत आहे."

"मंग कमी-जास्त कसा कळनार?"

लेकीने आजीला बटण दाखवलं. पहिली भाकरी करपली, दुसरी कच्ची राहिली. तिसरीला आईने बटणाकडे बघितलंच नाही. तव्यावर पाण्याचा शिपका मारला, आवाज ऐकला आणि भाकरी टाकली. ती अशी टम्म फुगली की दारात उभ्या असलेल्या नवऱ्याने न बोलावताच ताट पुढे केलं. पीठ कुठल्या पिशवीतलं होतं हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिचं पीठ आदल्या आठवड्यातच संपलं होतं.

गणपतीला पंधरा दिवस राहिले तेव्हा भाऊ आला. तो हमरापूरला मूर्तींच्या कारखान्यात रंगाचं काम करतो. त्या दिवसांत त्यांना जेवायला फुरसत नसते, तरी अर्धा दिवस काढून आला, नखांत सोनेरी रंग तसाच. त्याने अर्धा ओटा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विषयावर आला.

"आये, चल आता. डोळा बरा झाला. गाव इचारतंय, म्हातारी लेकीकडं का राहिली, पोरानं टाकली का. मला तोंड दाखवायला जागा नाय."

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे पुष्कळ बोलायला होतं, काही महिने साठलेलं. पण आईने हात वर केला.

"तू टाकलं नाय," ती त्याला म्हणाली. "सून पन चांगली हाय. गौरीला मी येनार, चार दिवस राहनार. मंग परत येनार. आनी एक काम कर. रेशनकार्डातना माजं नाव कमी कर, त्याचा दाखला आन. हिच्या कार्डावर लावायचाय."

भावाच्या कार्डावर पहिलं नाव तिचंच, कुटुंबप्रमुख म्हणून. दर महिन्याला तिच्या नावाचं धान्य येतं. तो हळूच म्हणाला, "आये, नाव काडलं तं तुजं धान्य बंद होईल."

मलाही बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "आई, आमच्या कार्डावर धान्य मिळत नाही. नुसतं नाव लागेल. तुझ्या हक्काचा दाणा जाईल." जी बाई महिनाभर माझ्या कुकरातला भात खायला तयार नव्हती, तिला हे सांगायलाच हवं होतं.

आईने तव्यावरची भाकरी उलटली.

"दान्याचं कोन बोलतंय," ती म्हणाली. "तू जेवतेस ते मी जेवीन. नाव लाव."

दाखला यायला महिना लागला. शाळेत मी रोज दुसऱ्यांचे अर्ज भरून देते, हा माझा मी भरला. आमच्या कार्डावर प्रमुख म्हणून माझं नाव आहे. कुटुंबप्रमुखाशी नातं, या रकान्यात मी लिहिलं, आई.