मानाचा कप

नांदूरघाटला भावाच्या घरी माझा चहाचा कप वेगळा होता. स्टीलचाच, सगळ्यांसारखाच. फक्त कानाजवळ वहिनीनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला. नवरा गेला, जाताना मला एचआयव्ही देऊन गेला, आणि मी शिलाई मशीन घेऊन माहेरी आले. त्याच आठवड्यात हा ठिपका उगवला.

वहिनी तशी वाईट बाई नाही. माझ्या हातची भाकरी खायची, डोकं दुखलं की माझ्याच मांडीवर ठेवून कण्हायची. कप म्हटला की मात्र तिची अक्कल चरायला जायची.

"भाकरी चालती आन् कप चालत न्हाई, हे कसलं गणित, वैनी?" मी भडकून विचारायचे.

"असू द्या वन्सं, मनाचं समाधान," ती म्हणायची आणि कप फळीच्या पार टोकाला पालथा घालायची. मला तो कप बघवत नसे.

आमच्याकडे एड्स झालेला माणूस काडीसारखा वाळतो अशी पक्की समजूत. मी गोळ्या सुरू झाल्यापासून नुसती फुगत गेले. स्वतःचे ब्लाऊज उसवून मोठे करता करता हात दुखायचे. त्यामुळे गावात कुणाला शंकाच नाही. उलट बायका येऊन मी काय खाते ते विचारायच्या.

गोळ्या आणायला दवाखान्यात गेलं की बाकावर युसूफ वडगाव ह्या गावचे एक शेळीवाले भेटायचे. त्यांची बायको वारलेली, दुखणं माझंच. आधी मिळायच्या त्या गोळ्यांनी आम्हाला चित्रविचित्र स्वप्नं पडायची, तीच आमची पहिली ओळख. मी सांगितलं, माझ्या स्वप्नात सरपंच माझ्या मशीनवर बसून परकर शिवत होते. ते म्हणाले, "माझ्या बोकडानं मलाच बाजारात नेऊन इकलं. आन् भावबी कमी आला." भाव कमी आल्याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. तिथंच हा माणूस मला आवडला.

एकदा आफ्रिकेत राहून आलेल्या एक मॅडम तिथं बोलायला आल्या. तिकडची कोरडी गावं, कामाला लांब जाणारे नवरे, मागं राहिलेल्या बाया. मला वाटलं, ह्या आमच्या केज तालुक्याचंच सांगतायत. मग त्या म्हणाल्या, तिकडेही काही घरांत अशा माणसाचा पेला वेगळा ठेवतात.

"म्हंजे आमच्या वैनीची बहीण तिकडंबी दिलेली हाय," मी शेळीवाल्यांच्या कानात म्हणाले.

ते हसले. मग हळूच म्हणाले, "माझ्या भावजयीनं माझ्या पेल्याला सुतळी बांधलीया."

बाहेर आल्यावर त्यांनी लग्नाचं विचारलं. मी लाजले वगैरे नाही. हो म्हणाले.

अडचण एकच, त्यांचे मामा. आईवडलांच्या माघारी तेच घरातले मोठे, सुपारी त्यांनीच फोडायची. सुपारी फुटली की सोयरीक पक्की, नाहीतर सगळं बारगळलं. आणि मामांना आमचं दुखणं ठाऊक नव्हतं, कारण मामांच्या कानात घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर पोचायची. शेळीवाले म्हणाले, सुपारी फुटू द्या, मग सांगू. भाऊही तेच म्हणाला. मला ते पटलं नव्हतं. पण ह्या माणसाबरोबर राहायचं होतं आणि त्या ठिपक्यापासून सुटायचं होतं, म्हणून मी गप्प बसले.

ठरल्या दिवशी चार माणसं येणार होती. जीपमधून उतरली ती आख्खी वरात. मामा पुढं, टोपी कडक, छाती पुढं काढलेली. वहिनीची तारांबळ उडाली. फळीवर हात फिरवून तिनं मिळतील तेवढे कप भरले आणि भावानं ट्रे बाहेर नेला. मग तिची नजर फळीच्या टोकाकडं गेली. तिथं काहीच नव्हतं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमचा कप?"

आम्ही दोघींनी दारातून बघितलं. ठिपका मामांच्या हातात होता.

वहिनीनं भावाला खुणा केल्या. आधी त्याला वाटलं साखर संपली, मग वाटलं गॅस. शेवटी कळलं तेव्हा तो मामांच्या अंगावरच गेला.

"मामा, द्या तो कप, माशी पडली त्याच्यात."

मामांनी कपात निरखून बघितलं. "न्हाई पडली."

"मंग गार झाला आसंल."

"चटका बसतुया."

भावानं कपाला हातच घातला. मामांनी सोडला नाही. दोघं एकाच कपाला धरून उभे, चहा मामांच्या धोतरावर. मामांचा चेहरा तांबडा झाला.

"कावून वढता? समद्यांचे कप साधे, एकट्या माज्या कपाला कुकवाचा टिळा. मला कळत न्हाई व्हय, ह्यो मानाचा कप हाय. दिलेला मान हातातून काढून घेता? ही काय रीत झाली?" आणि राहिलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. "चला रे. मानपान ठाऊक नसलेल्या घरची पोरगी आपल्याला नको."

जीपमधून आलेले सगळे उठले. शेळीवाल्यांनी माझ्याकडं बघितलं. मला इतका राग आला होता, भावाचा, वहिनीचा, मामांचा, त्या ठिपक्याचा, की मी पदर खोचून सरळ बैठकीत गेले.

"मामा, तो मानाचा कप न्हाई. तो माझा हाय. मला एचआयव्ही हाय, म्हणून घरात वेगळा ठेवत्यात. कपानं काई होत न्हाई, पण ह्यांना पटत न्हाई."

शेळीवाले माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "मामा, मलाबी तेच हाय. माज्या पेल्याला सुतळी कावून हाय, तुमी इचारलं न्हाई कधी."

मामा रिकाम्या कपाकडं बघत राहिले. आता शिव्या येणार म्हणून मी तयारीतच होते.

"म्हंजे," मामा अखेर म्हणाले, "मला मानाचा कप दिलाच न्हाई?"

सुपारी त्या दिवशी फुटली नाही. मामा तडक दवाखान्यात गेले आणि कपातून होतं का म्हणून डॉक्टरांना विचारून विचारून त्यांनी वैताग आणला. होत नाही म्हटल्यावर मामा गावोगाव सांगत सुटले, "कपानं होत न्हाई. म्या सोता पिलोय." नांदूरघाटपासून युसूफ वडगावपर्यंत आमचं दुखणं सगळ्यांना कळलं. ब्लाऊजची काही गिऱ्हाईकं तुटली. मी बरेच दिवस रडले, हेही खरं. मग एक दिवस मामा कडक टोपी घालून आले, सुपारी फोडली आणि फेट्याचा मान मागून घेतला.

सासरी निघायच्या सकाळी मी वहिनीची नेलपॉलिशची बाटली काढली आणि फळीवरच्या एकूणएक कपाला, कानाजवळ, लाल ठिपका दिला. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

दिवाळीला माहेरी आले. ठिपके तसेच होते. वहिनीनं दोघींचा चहा ओतला आणि कप पुढं करताना थबकली.

"वन्सं, ह्यातला तुमचा कंचा वो?"

"मला न्हाई सांगता येत," मी म्हणाले.

तिनं दोन्ही कपांकडं बघितलं. मग एक उचलला आणि चहा प्यायला लागली.