चांदणी लागलेली नावं

आमच्या जालन्याच्या बियाणं कंपनीतले आम्ही तिघे-चौघे अजूनही कुठल्या लग्नात भेटलो, की पानात वरण-भात पडायच्या आत एकजण म्हणतोच, "अरे, ते फुकटचं टूल आठवतं का?" झालं! मग एकातून दुसरा किस्सा निघतो, आणि शेवटी यजमान येऊन सांगतात की मंडळी, पंगत कधीच उठली, आता हात धुवा. एका डेटाबेसमधला माल उचलून दुसऱ्यात ठेवायचा, एवढंच तर काम होतं! दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी एक दिवस शांत बसले असेन तर शपथ.

आधी माणसं सांगते. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कंपनीची एकुलती एक 'कॉम्प्युटर मॅडम'. बोराडेसाहेब मॅनेजर. आणि वाटूरचे वाहुळकाका आमचे ऑपरेटर. कंपनीसाठी बियाणं पिकवणाऱ्या चौदा हजार शेतकऱ्यांची नोंद काकांनी पंधरा वर्षं डॉसच्या काळ्या पडद्यावर एका बोटाने टाइप केलेली. हेड ऑफिसचा हुकूम आला, की एक जूनला नवा सर्व्हर सुरू होणार, त्याआधी सगळा डेटा त्यावर पाहिजे.

एक जूनला आमच्याकडे आणखी एक महत्त्व होतं. कंत्राटी माणसाला नेमणुकीचं पत्र वगैरे नसायचं. एक जूनच्या हजेरीपत्रकावर नाव आलं, की वर्षभराची नोकरी पक्की. नाही आलं, तर डबा उचलून आल्या पावली घरी. काका कंत्राटी होते, आणि साहेब त्यांच्यासमोरच म्हणाले, "डेटा गेला की डॉस गेलं. डॉस गेल्यावर वाहुळला काय काम?"

म्हणजे मी जितकं लवकर उरकणार, तितके काका लवकर घरी बसणार! आणि नाही उरकलं, तर हंगामाचे प्लॉट, म्हणजे बियाणं पेरायची शेतं, अडकणार.

टूल विकत आणू का विचारलं, तर साहेब म्हणाले, "नेटवर फुकट मिळतात म्हणे!" आणि लगेच पुढे, "पण मॅडम, फुकटचं टूल, त्याचा काय भरवसा! बघून करा." हे वाक्य मी पुढे रोज ऐकलं.

*

टूल अकरा एमबीचं. ऑफिसात फोनच्या लाइनवरचं इंटरनेट, त्यामुळे अकरा एमबी म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंतचं काम. पहिल्या दिवशी सत्तर टक्क्यांवर तुटलं. दुसऱ्या दिवशी ऐंशीवर. तिसऱ्या दिवशी मी प्रत्येक टेबलावर जाऊन हात जोडले, की बाबांनो, फोनला हात लावू नका.

नव्वद टक्के झाले. ब्याण्णव. खट्! तुटलं.

मी उठून तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब त्याच लाइनचा रिसीव्हर कानाला लावून बसलेले. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलात. तुम्हालाच फोन लावत होतो. किती टक्के झालं?"

*

आलं एकदाचं. पण फुकटचं म्हणजे कसलं फुकट! एका वेळी फक्त पन्नास नोंदी हलवायचं आणि मग पैसे मागायचं. मी डोकं धरून बसले. काकांनी कागदावर भागाकार केला.

"ताई, दोनशे ऐंशी टाइम करायचं ना? मंग बसतो की!"

आणि खरंच बसले! पन्नास-पन्नासच्या फायली तोडायच्या, टूल चालवायचं, पुढची फाइल घ्यायची. ज्या कामाने स्वतःची नोकरी जाणार, ते काम हा माणूस चहा न घेता करत होता. मला बघवेना. मी दोन दिवस नेट धुंडाळून खरोखरचं फुकट असलेलं दुसरं टूल शोधून काढलं. धावत सांगायला गेले, तर काकांचा चेहरा पडला.

"आत्ताच सांगून राह्यले का? एकशे नव्वद झाले की माझे!"

*

नव्या टूलने सगळं आणलं, पण मराठीचं पार वाटोळं केलं. नावांच्या जागी डॉलर, टक्के, कंस आणि मधेच एखादा प्रश्नचिन्हांचा घोळका. साहेब ओरडले, "मी म्हटलं नव्हतं? त्याचा काय भरवसा!"

काका मागे उभे होते. चष्मा वर करून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा टेंभुर्णीचा रामकिसन. त्याच्या खाली त्याचा चुलतभाऊ. हा परतूरचा शेख बाबू, यानं मागच्या साली लई चांगलं बियाणं देल्तं."

काका म्हणाले, "मागं तीन महिने कॉम्प्युटरातलं मराठी दाखवायचं कार्ड बिघडल्तं. मंग असंच वाचून काम केल्तं मी."

त्यांनी वहीच्या दोन पानांवर यादी करून दिली, कुठल्या खुणेचं कुठलं अक्षर. त्या यादीवरून मी प्रोग्रॅम लिहिला आणि सगळी नावं सरळ झाली. साहेबांनी वही उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "चला, आता हे वाचायलाही वाहुळ नको!" मला इतका राग आला होता, की मी दिवसभर त्यांच्याशी नीट बोलले नाही. काका मात्र हसत होते.

*

तारखांचीही गंमत झाली. आमच्या जुन्या फायलीत सालाचे दोनच आकडे होते, आणि टूलने अठ्ठ्याण्णवचं वीसशे अठ्ठ्याण्णव केलं. हेड ऑफिसातून साहेबांना फोन आला, की तुमच्या या प्लॉटचा उगवणीचा रिपोर्ट अजून का नाही आला?

साहेबांनी पडद्यावरची पेरणीची तारीख वाचली. त्यांना काही खटकलं नाही! "येईल सर," ते म्हणाले, "पेरणी झाली की लगेच पाठवतो!"

*

खरा गोंधळ मेळाव्याच्या दिवशी झाला. मे महिन्यात कंपनी शेतकऱ्यांना जेवायला बोलावते आणि हंगामाचे प्लॉट ठरवते. या वेळची कार्डं मी ऐटीत नव्या डेटाबेसमधून छापली. मांडव नेहमीएवढाच, आणि माणसं आली दीडपट! बुंदी अर्ध्यातच संपली.

फाटकापाशी परतूरचे एक आजोबा कार्ड नाचवत म्हणाले, "सात सालानं याद आली व्हय तुमाला? तवा तर भेसळ निघाली म्हनून काढून टाकल्तं!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. काकांनी शांतपणे सांगितलं. ज्याच्या बियाण्यात भेसळ निघाली, त्याचं नाव यादीतून काढायचा हुकूम यायचा. काका डिलीट दाबायचे. पण आमच्या जुन्या डॉसमध्ये डिलीट दाबलं की नाव जात नसे, त्याच्यापुढे फक्त एक चांदणी लागायची आणि ते यादीत दिसेनासं व्हायचं. कायमचं घालवायला 'पॅक' अशी वेगळी आज्ञा द्यावी लागायची. ती काकांनी पंधरा वर्षांत एकदाही दिली नव्हती. आणि आमच्या टूलने चांदणीवाली सगळी नावं इमानेइतबारे उचलून आणली होती.

"पॅक कामून न्हाई केलं?" साहेब चिडून स्वतःच काकांच्या बोलीत आले.

"मानूस हाय साहेब," काका म्हणाले, "पुढल्या साली सुधरल."

त्या दिवशी मी टूल पुन्हा उघडलं. एका कोपऱ्यात बारीक चौकट होती, 'काढलेल्या नोंदी आणू नका'. तिच्यावर टिक करायची राहिली होती. साहेबांनी ती मला तीन वेळा करून दाखवायला लावली. पुन्हा असा घोटाळा झाला तर तुमचंही नाव काढीन, असं म्हणाले.

*

शेतकऱ्यांची फाइल मी टिक करून पुन्हा नेली. शेवटी उरली कर्मचाऱ्यांची. साहेब येऊन म्हणाले, "हलवायच्या आधी वाहुळचं नाव काढा."

काकांचं नाव पडद्यावर होतं. माझं बोट डिलीटवर जाईना. डोळे भरून आले, म्हणून मी उगाच कीबोर्ड पुसत बसले. काका मागून म्हणाले, "उठा ताई. पंधरा साल मीच नावं काढली. हे बी मीच काढतो."

त्यांनी एका बोटाने डिलीट दाबलं. नावापुढे चांदणी लागली. मग डबा पिशवीत घातला, माझ्या टेबलावरची अक्षरांची वही नीट सरळ ठेवली आणि गेले. मी फाइल हलवली. साहेबांनी 'सर्व डेटा स्वतः तपासला, बरोबर आहे' या कागदावर न बघता सही ठोकली आणि तो हेड ऑफिसला रवाना केला.

एक जूनला नव्या सर्व्हरवरून पहिलं हजेरीपत्रक छापून आलं. अकराव्या नंबरवर वाहुळकाका! मी वाटूरला निरोप धाडला, आणि दहाच्या आत काका डबा घेऊन हजर.

साहेबांनी तडक हेड ऑफिसला फोन लावला. तिकडचा आवाज आम्हाला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "नाव चुकून आलं म्हणता? मग बाकीचा डेटा पण चुकलाय का? तपासल्याची सही तर तुमचीच आहे!"

"न्हाई, न्हाई सर! बिलकुल बराबर हाये सगळं!" साहेब घाईने म्हणाले आणि फोन ठेवला.

मग बाहेर आले. काका हजेरीपत्रकावर सही करत होते. साहेब त्यांच्याकडे बघत उभे राहिले, आणि मग माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ती चौकट... टिक केली होती ना?"

मी म्हटलं, "फुकटचं टूल साहेब, त्याचा काय भरवसा!"