उंटाला खोली पाहिजे

टॉकीजमध्ये नोकरी केली की सिनेमे लक्षात राहत नाहीत, किस्से राहतात. रिसोडच्या आमच्या टॉकीजच्या तिकीटखिडकीत मी एकोणीस वर्षं बसलो. तेवढ्या काळात एकही सिनेमा नावांच्या पाटीपासून शेवटापर्यंत पाहिला नाही, पण किस्से म्हणाल तर पोतंभर! आता टॉकीजच राहिली नाही, म्हणून शेवटच्या आठवड्याचे तेवढे सांगून टाकतो. मनात ठेवून त्यांचं करायचं काय?

*

आमचे मालक, म्हणजे भाऊ, यांनी आधीच जाहीर केलं होतं. "हा पिक्चर चालला त् चालला. नाई त् सोयाबीनचं गोदाम!"

गोदाम झालं असतं तर मी कुठंही चिकटलो असतो. खरा प्रश्न देवमनकाकांचा होता. काका आमचे ऑपरेटर, मशीन चालवणारे. रिठदच्या बौद्ध वस्तीतून विशीत इथं आले आणि मशीनच्या केबिनला लागून जी खोली होती, तिथंच राहिले. लग्न केलं नाही. घर, पत्ता, सगळं ती खोलीच.

आणि पिक्चर कोणता, तर उंटाचा! पेपरच्या शेवटच्या पानावर वर्षानुवर्षं चार चौकटींत येणारा तो परदेशी उंट. रोज भाड्यानं खोली शोधायचा आणि रोज काहीतरी बिनसायचं. कधी मान दारात अडकायची, कधी घरमालकीण किंचाळायची. त्याच्यावर आता मोठ्या पडद्यासाठी कार्टून सिनेमा निघाला होता, घरच्या सगळ्यांनी मिळून बघायचा. काकांनी त्या चौकटी कापून कणकेच्या खळीनं केबिनच्या भिंतीवर चिकटवल्या होत्या. भाऊंच्या मागं तेच लागले, "हाच आना भाऊ. घरंच्या घरं येतीन!"

भाऊंनी पोस्टर उलटंसुलटं करून पाहिलं.

"हिरो कोन हाय?"

"उंट."

"अन् हिरोइन?"

"नाई ना भाऊ. त्याले खोलीच नाई, बायको कोन देईन!"

एवढं बोलून काका जिना चढून केबिनमध्ये निघून गेले. मी उगाच तिकिटांची पुस्तकं सरळ करत बसलो.

*

बाजाराच्या दिवशी ऑटोवर भोंगा लावून आम्ही जाहिरात केली. भोंगेवाला अंगात आल्यासारखा ओरडत होता, "रिसोडमदे उंट! पोराबाळायले घेऊन या!" सिनेमा हा शब्द तो एकदाही बोलला नाही, हे आम्हाला मागाहून कळलं.

दुपारी केनवडचे एक आजोबा जीपनं तीन नातवंडं घेऊन दारात हजर!

"कुठं बांधला?"

"आजोबा, सिनेमा आहे तो."

"सिनेमा मंग पाहू. आधी पोट्ट्यायले उंटावर बसवून दे!"

तिन्ही पोरं भोकाड पसरत जीपमध्ये परत बसली. आमचंही रडायचंच काय ते बाकी होतं.

*

पहिल्या दिवशी एक निवृत्त गुरुजी आले. त्यांनी तो उंट तरुणपणापासून वाचलेला. इंटरव्हलला तणतणत बाहेर आले.

"पेपरातला उंट एक शब्द बोलत नव्हता! हा त् गानं म्हनून राह्यला, कंबर हालवून राह्यला!"

मी म्हटलं, "गुरुजी, लहान मुलांना आवडतं तसं."

"कोन्त्या मुलायले?" त्यांनी दार उघडून आत बोट दाखवलं. आत एकही मूल नव्हतं.

*

दहा तिकिटं खपल्याशिवाय शो सुरू करायचा नाही, हा भाऊंचा नियम. त्या आठवड्यात तो नियमच आमच्या उरावर बसला. मधल्या एका दुपारी एकच माणूस आला. मोंढ्यात सोयाबीन विकून झालेलं, गावाकडच्या एसटीला दोन तास बाकी. मी हात जोडले, "दादा, माणसं कमी आहेत. पिक्चर लागणार नाही."

"नोका लावू," तो तिकीट खिशात घालत म्हणाला. "पंखा लावा."

आणि मागच्या खुर्चीवर असा घोरला की वर केबिनमधून काका डोकावले. म्हणाले, "झोपू दे रे. इथं कोनाले त् झोप लागून राह्यली."

*

शुक्रवारी गोदामवाल्यानं टेप लावून हॉल मोजला. उरला फक्त शनिवारचा शाळेचा एक शो. काका म्हणाले, "सुधाकर, चाल. खोली पाहून येऊ."

पहिलंच घर पसंत पडलं. घरमालक लाख माणूस! बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, नळ कधी येतो ते सांगितलं.

"एकलेच राहान? मंग त् बेसच! आडनाव काय म्हनले तुमी?"

काकांनी आडनाव सांगितलं.

"हो का... काय झालं का, आमचा भाचा येनार हाये शिकाले. त्याच्यासाठीच ठेवा लागते खोली."

काका उठून चपला घालायला लागले. तेवढ्यात घरमालकानं मला हळूच बाजूला घेतलं. "तुमाले पाह्यजे असन त् सांगा. तुमाले देतो."

मी काय बोललो? काहीच नाही! एकोणीस वर्षं ज्या माणसाबरोबर चहा प्यायलो, त्याच्यासाठी माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. ती लाज अजून जात नाही.

दुसऱ्या घरी रंगकाम निघालं, तिसऱ्या घरी पाहुणे.

*

शनिवारी शाळेची पोरं जीपा भरभरून आली. आता रिळं नसतात. कंपनीकडून ठरल्या वेळेपुरती परवानगी येते आणि वेळ संपली की मशीन आपोआप बंद पडतं. आमची वेळ तीनपर्यंत होती. बाराला सुरू केला असता तर दोन तासांचा सिनेमा आरामात बसला असता.

पण हेडमास्तर पडद्यापुढं उभे राहिले आणि त्यांनी भाऊंचा सत्कार काढला! प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, मनोगत. काका केबिनमधून बॅटरी चालूबंद करून खुणा करत होते. हेडमास्तरांना वाटलं फोटो काढताहेत. ते दर वेळी थांबून हसायचे. आभार संपेपर्यंत दीड वाजला.

तीनला उंटानं शेवटच्या घराचं दार वाजवलं आणि पडदा काळा झाला.

पोरांनी खुर्च्या बडवल्या. काका जिना उतरून खाली आले, पडद्यापुढं उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांना तिथं मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, "काका, मंग त्याले खोली भेटली का नाई?"

"भेटली ना!" काका म्हणाले. "मालकानं दार उघडलं, म्हने या, बसा. आडनावबी नाई इचारलं."

मुलगी खुर्चीवर उभी राहिली. "काहीबी काका! उंटाले कुठं आडनाव असते?"

पोरं खदाखदा हसली. हेडमास्तर हसले, शाल पांघरलेले भाऊ हसले. आमच्या टॉकीजमध्ये असा हशा कित्येक वर्षांत झाला नव्हता.